ऊन डोक्यावर, पंखा बंद

मे महिन्यात मामाच्या गावी होतो, विट्याजवळ. दुपारचे साडेबारा झाले असतील. लाईट गेली. मामी पदरानं वारा घेत सोप्यात आली आणि छताकडं बोट करून म्हणाली, "आरं, एवढं ऊन डोक्यावर हाय, वर दोन लाखाचं सोलर हाय, आन् पंखा बंद? मग ह्येचा उपेग काय?"

प्रश्न रास्त होता. बसवून गेलेल्या माणसानं "बिल शून्य येईल" एवढंच सांगितलं होतं. लाईट गेली की सोलरही बंद पडणार, हे सांगायचं त्यानं टाळलं होतं किंवा त्याला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

छतावरच्या बहुतेक सोलर यंत्रणा लाईनला टेकून चालतात. लाईनमध्ये वीज असेल तर तिच्या ठोक्यात ठोका मिळवून इन्व्हर्टर (पॅनलची वीज लाईनसारखी करणारी पेटी) आपली वीज तिच्यात सोडतो. लाईन मेली की दोन सेकंदांच्या आत त्यानं स्वतःला तोडून घ्यायचं, असा नियम आहे. याचं कारण खांबावर चढलेला वायरमन. त्यानं डीपीचा (खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरचा) डीओ, म्हणजे फ्यूज, खाली ओढलेला असतो आणि लाईन मेली आहे असं धरून तो तारेला हात घालतो. तेव्हा गावातली वीस छतं खालून वीज ढकलत राहिली, तर तो जिवानिशी जाईल. त्यात डीपी दोन्ही बाजूंनी चालते. वरून ११ हजार व्होल्ट आले तर खाली घरापुरते करते, आणि खालून २३० व्होल्ट घुसले तर वर ११ हजार करून देते.

मामी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पोलवरच्या माणसासाठी आसंल तर बरोबर हाय." पण मामाचं समाधान झालं नाही. "एवढ्या मोठ्या लायनीला आमच्या तीन किलोवॅटचं कसलं भ्या?" त्याच्या या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे.

विजेची जुनी व्यवस्था आपल्याकडच्या पाटासारखी होती. कराडजवळ खोडशीला बंधारा, तिथून कृष्णा कालवा, कालव्याची चारी, चारीची दांडं. पाणी वरून खाली जाणार, पाटकरी दार उघडणार, आणि टेलच्या, म्हणजे शेवटच्या, शेतकऱ्याची तक्रार कायमची. विजेचंही तसंच होतं. चंद्रपूरला किंवा कोराडीला कोळसा जळायचा, मोठ्या टॉवरवरून वीज यायची, सबस्टेशन, डीपी, घर. टेलच्या घरात संध्याकाळी बल्ब लालसर जळायचा. वाहण्याची दिशा एकच, आणि दार उघडणारा माणूसही एकच.

आता टेलच्या प्रत्येक रानात विहीर निघाली आहे आणि दुपारच्या वेळी ती उलटी पाटात पाणी सोडते आहे. पाटकऱ्याला त्याचा पत्ताही नाही.

ही उपमा एका ठिकाणी तुटते. पाटात थोडंफार पाणी तुंबून राहू शकतं. तारेत वीज तुंबत नाही. या क्षणी राज्यात जेवढी वापरली जाते आहे, तेवढीच या क्षणी तयार व्हावी लागते. कमी नाही, जास्तही नाही.

तोल जातो आहे हे कळतं कसं? उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर चढाला लागला की इंजिनाचा आवाज दबतो, आणि ड्रायव्हर न बघता पाय दाबतो. ग्रिडचा, म्हणजे तारांच्या या सगळ्या जाळ्याचा, तो आवाज म्हणजे फ्रिक्वेन्सी. भारतात ती सेकंदाला ५० आवर्तनं, म्हणजे ५० हर्ट्झ. मागणी वाढली की ती खाली येते, वीज जास्त झाली की वर चढते. ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ती राहावी असा नियम आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रिडही उरलेल्या देशाशी एका ठोक्यात आली. तेव्हापासून मामाच्या पंख्याचा ठोका आणि कन्याकुमारीच्या दुकानातल्या पंख्याचा ठोका एकच.

ट्रॅक्टर चढाला एकदम थांबत नाही, कारण त्याच्या फिरणाऱ्या भागांत जोर साठलेला असतो. मामाच्या गोठ्यात हेच रोज दिसतं. मामी कडबाकुट्टीवर पेंढी लावते, मधेच लाईट जाते, तरी ते जड चाक गरगरत राहतं आणि आणखी दोन-चार घास कापून मगच थांबतं. औष्णिक आणि जलविद्युत केंद्रांतली शेकडो टन वजनाची चाकं देशभर अशीच एका ठोक्यात फिरत असतात. कुठं मोठा संच अचानक बंद पडला तर पहिले काही सेकंद हीच चाकं आपल्यातला जोर देऊन ग्रिड सावरतात, तोवर बाकीची केंद्रं पाय दाबतात.

सोलर पॅनलमध्ये फिरणारं काहीच नाही. काचेची फळी आणि इन्व्हर्टरची पेटी. दुपारी सोलर वाढलं आणि कोळशाचे संच उतरवले की ग्रिडमधली जड चाकं कमी होतात, आणि तोच धक्का जास्त जोरात बसतो. आता नव्या प्रकारचे इन्व्हर्टर येत आहेत. ते लाईनचा ठोका नुसता ऐकत नाहीत, बॅटरीच्या जोरावर स्वतः ठोका धरून ठेवतात. पण मामाच्या छतावरची पेटी त्यातली नव्हे.

हे सगळं ऐकून मामा म्हणाला, "म्हंजे वीज जास्त झाली तरी वांदा, कमी झाली तरी वांदा." तेवढंच नाही. जास्त-कमी हळूहळू झालं तर ग्रिड ते पचवते. तिला खरी धास्ती आहे ती 'एकदम' या शब्दाची.

शेतकऱ्यांना हे ऑटोस्विचवरून कळतं. रात्री किती वाजता लाईट येईल त्याचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येकानं मोटारीला ऑटोस्विच लावलेला. लाईट आली रे आली की फिडरवरच्या, म्हणजे त्या एका लाईनवरच्या, सगळ्या मोटारी एका क्षणात उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीओ उडतो, नाहीतर डीपीच जळते, आणि मग आठवडाभर ऊस वाळत बसतो. दोष कुणा एकाच्या मोटारीचा नसतो. त्या सगळ्या एकदम उठल्या, एवढंच.

देशानं हे मोठ्या प्रमाणावर पाहिलं ५ एप्रिल २०२० ला. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवायचे होते. मागणी १२–१३ हजार मेगावॅटनं उतरेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती ३१ हजारांवर उतरली. नऊच्या आधी जलविद्युत केंद्रं मुद्दाम चढवून ठेवली होती, आणि मागणी पडताच ती सुमारे साडेसतरा हजार मेगावॅटनं झटक्यात उतरवली. फ्रिक्वेन्सी ५०.२६ पर्यंत गेली, ग्रिड टिकली. लोकांनी पणत्या पाहिल्या. नियंत्रण कक्षात त्या रात्री काय टांगणी होती, त्याची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

सोलरच्या बाबतीत या 'एकदम'चा सगळ्यात बोलका किस्सा जर्मनीचा आहे. तिथल्या सुरुवातीच्या नियमात लिहिलं होतं की फ्रिक्वेन्सी ५०.२ ला पोचली की इन्व्हर्टरनं बंद व्हायचं. छतं थोडी होती तोवर ठीक होतं. पुढं सोलर कित्येक हजार मेगावॅट झालं, आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की उद्या फ्रिक्वेन्सी ५०.२ ला टेकली तर ही सगळी छतं एकाच क्षणी तुटतील. शेवटी २०१२ मध्ये कायदा करून तीन लाखांवर यंत्रणांच्या सेटिंग बदलायला लागल्या. मामाच्या तीन किलोवॅटला ग्रिड भीत नाही. तीन किलोवॅटची लाखो छतं एकच आकडा पाठ करून बसली असतील, त्याला ती भिते.

एवढं लांब जायचंही कारण नाही. सांगलीत विश्रामबागेत माझा एक मित्र राहतो, गल्लीच्या शेवटच्या घरात. सोलर बसवून वर्ष झालं आणि तक्रार अशी की ऐन दुपारी, कडक उन्हात, इन्व्हर्टर बंद पडतो. मोबाईलवर 'ग्रिड ओव्हरव्होल्टेज' असं लाल अक्षरात येतं, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू, पुन्हा बंद. त्याला वाटलं पेटी खराब आहे. पेटी बदलली, तरी तेच.

त्याच्या गल्लीची डीपी ६३ केव्हीएची. समजा वीस घरांवर तीन-तीन किलोवॅट सोलर आहे, म्हणजे साठ किलोवॅट. दुपारी माणसं कामावर, पोरं शाळेत. घरात फ्रिज आणि एखादा पंखा. गल्लीचा वापर फार तर दहा किलोवॅट. उरलेले पन्नास उलटे डीपीकडं निघतात. पाणी जसं उतारानं वाहतं तशी वीज जास्त व्होल्टेजकडून कमीकडं जाते. त्यामुळं घरातून बाहेर ढकलायची तर घराचं व्होल्टेज डीपीपेक्षा वर चढवावं लागतं. जेवढं घर लांब आणि तार बारीक, तेवढा चढ जास्त. पूर्वी टेलच्या घराला व्होल्टेज कमी मिळायचं, आता दुपारी त्याच घरात ते सगळ्यात जास्त. २३० च्या जागी अडीचशेच्या वर गेलं की इन्व्हर्टर नियमाप्रमाणं मान टाकतो. डीपीजवळच्या घरांची वीज बाहेर जाते, शेवटच्या घराची अडकते.

उपाय आहेत, आणि ते सगळे कंटाळवाणे आहेत. तार जाड करणं. डीपीचा टॅप (व्होल्टेज ठरवणारी खाच) एक पायरी खाली घेणं, पण तो संध्याकाळी पुन्हा कुणी वर करत नाही. इन्व्हर्टरचं सेटिंग असं करणं की तो व्होल्टेज चढताना थोडी सबुरी धरेल. आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे कोणाचं सोलर कुठल्या फेजवर आहे ते बघणं. मित्राच्या गल्लीत निम्म्याहून जास्त घरं एकाच फेजवर निघाली. चार घरं दुसऱ्या फेजवर सरकवली आणि तक्रार बरीच कमी झाली. स्मार्ट ग्रिड हा शब्द भाषणात छान वाटतो. गल्लीत त्याचा पहिला अर्थ एवढाच, की कुठल्या खांबावर काय जोडलं आहे हे कुठंतरी नीट लिहिलेलं असावं.

वाऱ्याचं प्रकरण वेगळं आहे. चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या आपण सहलीला जाऊन बघतो. वाऱ्याचा वेग निम्मा झाला तर त्याच्यातली ताकद निम्मी होत नाही, आठव्या हिश्श्यावर येते. म्हणजे पठारावर वारा जरा पडला तरी ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातल्या माणसाच्या समोरचा आकडा धाडकन उतरतो. तिथं दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडलेले असतात. प्रत्येक तुकड्यात कोण किती वीज देणार, कोण किती घेणार, याचं वेळापत्रक आधी ठरतं. मोठ्या पवन आणि सौर प्रकल्पांना आपला अंदाज द्यावा लागतो आणि तो फार चुकला तर पैसे भरावे लागतात. त्यामुळं हवामानाचा अंदाज हा आता वीज धंद्याचाच भाग झाला आहे. छतावरच्या सोलरचं मात्र असं वेळापत्रक कुणी देत नाही. ऐरोलीहून ते दिसतच नाही. तिथं एवढंच दिसतं की दुपारी सांगली-साताऱ्याची मागणी कमी झाली, आणि साडेपाचनंतर ती भराभर वाढू लागली.

ही संध्याकाळची वेळ सगळ्यात अवघड. ऊन उतरतं तसं देशभरचं सोलर दोन-अडीच तासांत शून्यावर येतं, आणि त्याच वेळी दिवे, टीव्ही, मिक्सर, कूलर सुरू होतात. भारताची सौर क्षमता २०२५ च्या सुरुवातीला १०० गिगावॅट ओलांडून गेली. जेवढं सोलर जास्त, तेवढा संध्याकाळचा चढ उभा. कोळशाचा थंड संच पेटवायला कित्येक तास लागतात, आणि पेटलेला संच दुपारी निम्म्याच्या फार खाली नेता येत नाही.

इथं कोयना येते. धरण पाटण तालुक्यात, पण पाणी बोगद्यानं सह्याद्रीच्या पोटातून कोकणाकडं जातं आणि पोफळीला साधारण पावणेपाचशे मीटर खाली पडून वीज देतं. एवढ्या उंचीवरून पडणाऱ्या हजार लिटर पाण्यात एक युनिटहून थोडी जास्त वीज असते. प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅट. त्यात चौथ्या टप्प्याचे २५० मेगावॅटचे चार संच म्हणजे एकट्यानंच हजार. हे संच मिनिटांत सुरू होतात, मिनिटांत थांबतात. पण पाणी मोजकं. धरणात १०५ टीएमसी मावतं, त्यातलं पश्चिमेला विजेसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी, तेही कृष्णा लवादानं घालून दिलेलं, हिशोब १ जून ते ३१ मे. मग ते दुपारी उन्हाच्या वेळी कशाला खर्चायचं? दुपारी छतं चालू द्यावीत, कोयना राखून ठेवावी आणि सात वाजता सोडावी. माझ्या मते कोयनेची किंमत आता ती वर्षाला किती युनिट देते यावर मोजूच नये. ती हवी तेव्हा थांबू शकते आणि हवी तेव्हा धावू शकते, यातच ती किंमत आहे.

याच्या पुढची पायरी म्हणजे उदंचन. दुपारची स्वस्त वीज वापरून खालच्या तलावातलं पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि संध्याकाळी ते पाडायचं. भंडारदऱ्याजवळ घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प २००८ पासून आहे. साधारण चार युनिट घालून तीन परत मिळतात. एक युनिट वाया जातं खरं, पण वेळ विकत मिळतो.

आणि पाणी वर चढवण्याची सवय सांगली जिल्ह्याला कुणी नव्यानं लावायला नको. टेंभू, ताकारी, म्हैसाळ. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून आटपाडी-कवठेमहांकाळ-जतच्या माळापर्यंत जातं. या योजनांच्या वीजबिलावर किती मोर्चे निघाले आणि त्याचं ८१–१९ चं (सरकार ८१ टक्के, शेतकरी १९) गणित काय, हे इथल्या पोराटोरांना पाठ आहे. पण पंप किती वाजता चालतात याची चर्चा क्वचितच होते. दिवसा दहा ते चार चालवून तलाव भरून घेतले आणि संध्याकाळी बंद ठेवले, तर ती एक प्रकारची बॅटरीच. त्यातून वीज परत मिळणार नाही, पण सात वाजता ती मागावीही लागणार नाही.

शेतीपंपाचा ग्रिडनं असा वापर फार वर्षं केलाच आहे. आठवड्यातून काही दिवस दिवसा आठ तास आणि काही दिवस रात्री दहा तास, ही पाळी कुठून आली? रात्री कोळशाचे संच बंद करता येत नव्हते आणि गावं झोपलेली असायची, मागणी कमी. तागडी सम करायला पासंग टाकतात, तसा शेतकऱ्याचा पंप त्या पारड्यात टाकला होता. त्यापायी माणसं बॅटरी आणि काठी घेऊन उसात दारं धरत राहिली, साप चावले, शिराळा-कराडकडं बिबट्याची भीती वेगळीच. आता वीज दुपारी जास्त आहे, म्हणून पासंग दुपारच्या पारड्यात येतो आहे. सौर कृषी वाहिनी योजनेत सबस्टेशनजवळच्या माळावर काही मेगावॅटचं सोलर उभं करतात आणि ती वीज तिथल्याच शेतीच्या फिडरवर दिवसा वापरतात. वीज चंद्रपूरहून यायला नको, तारेतली गळती कमी, आणि माणूस रात्री घरात. शेतकऱ्याला दिवसा वीज द्यावी ही मागणी किती जुनी. ती पुरी होऊ लागली तेव्हा शेतकऱ्याची सोय आणि ग्रिडची सोय एका वेळेला आली होती, हेही खरं.

टीओडी, म्हणजे वेळेनुसार दर लावणारं, मीटर त्याच हिशोबाचं. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वापरलेल्या युनिटला सवलत, म्हणजे घरातल्या बाईमाणसाला सांगणं की गिरणी, इस्त्री, वॉशिंग मशीन तेव्हा लावा.

जाताजाता आणखी एक. आपल्याकडचं वर्ष या कामाला बरंच सोयीचं आहे. उन्हाळ्यात ऊन आणि पंप दोन्ही जोरात. पावसाळ्यात ऊन कमी, पण पंप बंद, पठारावर वारा भरात आणि कोयना भरत असते. दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि उसाच्या बगॅसवर सहवीज प्रकल्प मार्चपर्यंत चालतात, तेही जड चाकांचे. हे कुणी आखून केलेलं नाही. पण आखणी करणाऱ्यानं ते वापरायला काय हरकत आहे?

मामाला हे कितपत पटलं कोण जाणे. तो म्हणाला, "ते समदं खरं, पर आत्ता पंख्याचं काय?" माळ्यावर जुना इन्व्हर्टर होता, लोडशेडिंगच्या काळातला. त्याच्या बॅटरीत पाणी घातलं, सोप्यातला एक पंखा आणि स्वयंपाकघरातला दिवा त्याच्यावर वेगळा काढला. पाऊण तास लागला. पंखा फिरायला लागला आणि दहा मिनिटांत लाईट आली.

मामी आता कडबाकुट्टी बाराच्या सुमाराला चालवते. आधी ती संध्याकाळी धारेच्या वेळी चालवायची.